मुलाखतीला बसलं की तोंडच उघडत नाही, काय करू?

मांजराकाठ | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

मी लातूर जिल्ह्यातला. दहावीपर्यंत झेडपीची शाळा, मग डिप्लोमा, मग बी.ई. मेकॅनिकल. पास होऊन वर्ष झालं. सध्या मामांच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात बसतो. आतापर्यंत तीन मुलाखती दिल्या, तिन्हीत तेच झालं. 'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हणाले की पाठ केलेली पहिली दोन वाक्यं येतात, तिसऱ्याला घसा कोरडा. मागच्या वेळी व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारला. ०.०२ मिमी, झोपेतून उठवलं तरी सांगेन. तिथे मात्र समोरच्या साहेबांच्या पेनाकडे बघत बसलो. त्यांनी दोनदा विचारलं आणि पुढच्याला बोलावलं.

पुढच्या मंगळवारी चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात ट्रेनी म्हणून मुलाखत आहे. आठ दिवस हातात आहेत. आत्मविश्वास आणायचा कसा? घरचे म्हणतात घाबरू नको, पण न घाबरायचं म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

गडहिंग्लजकर | सोमवार, रात्री ९.५८

भावा, पहिल्या तीन मुलाखतींत सगळ्यांचंच असं होतं. माझी सातवी लागली. लिहीत राहा इथे, मंडळी चांगली आहेत.

अबोली_पुणे | सोमवार, रात्री १०.२५

मी गेली अकरा वर्षं एचआरमध्ये आहे, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय दिसतं ते सांगते.

समोरचा मुलगा घाबरलाय हे आम्हाला दार उघडतानाच कळतं आणि त्याचे गुण कुणी कापत नाही. कापले जातात ते गप्प बसल्यामुळे. मुलगा गप्प बसला की त्याला येत नाही की येऊन सांगता येत नाही, हे कळायला मार्गच उरत नाही. म्हणून सुचलं नाही तर ते बोलून दाखव. 'सर, मला हे येतं, जरा एक मिनिट द्या' एवढं म्हणालास तरी कुणीही मिनिट देतो. मी तरी आजवर कुणाला नाही म्हटलेलं नाही.

आणि स्वतःची ओळख पाठ करू नकोस. तू आत्ता काय पाठ केलं आहेस ते इथे टाक बरं, बघूया.

टोकदार | सोमवार, रात्री ११.१०

इतरांना राग येईल, पण मूळ अडचण इंग्रजीची आहे आणि तिला आत्मविश्वासाचं नाव दिलं जातंय. रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी वाचायला लागा, आरशासमोर बोला. कॉर्पोरेटमध्ये इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. हे मी रागाने म्हणत नाही, मी स्वतः त्यातून गेलोय. आठ दिवसांत होणार नाही, सहा महिन्यांत होईल.

शॉपफ्लोअर२२ | मंगळवार, सकाळी ६.५०

टोकदार, अर्धं पटलं. चाकणच्या लाइनवर दिवसभर मराठी आणि हिंदी चालते. इंग्रजी लागते ती ड्रॉइंग वाचायला, रिपोर्ट लिहायला आणि परदेशी कस्टमरचं ऑडिट असलं की. ती पहिल्या दोन वर्षांत कामावर येते, मी कित्येकांची येताना पाहिली आहे. ट्रेनीला घेताना आम्ही ती शेवटी बघतो.

मांजराकाठ, मी क्वालिटीतच आहे, २२ वर्षं. मुलाखतीत मी काय करतो ते सांगतो. टेबलावर एक टर्न केलेला शाफ्ट आणि एक व्हर्नियर ठेवलेला असतो. मी म्हणतो, 'याचा व्यास सांगा.' दहातले आठ जण शाफ्ट उचलतात, जबड्यात धरतात आणि आकडा सांगतात. दोघं आधी जबडे पुसतात, जबडे पूर्ण मिटवून शून्याला शून्य जुळतंय का बघतात, झिरो एरर असेल तर सांगतात. मग शाफ्ट दोन-तीन ठिकाणी मोजतात आणि प्रत्येक ठिकाणी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजतात, कारण शाफ्ट अंडाकृती असू शकतो. त्या दोघांनी तोपर्यंत एक अक्षर बोललेलं नसतं, पण माझा निर्णय झालेला असतो.

मामांच्या दुकानात नेमकं काय काम करतोस ते लिही. सगळं लिही.

सोलापुरी_काका | मंगळवार, सकाळी ९.१५

मी बँकेतून निवृत्त झालो. अधिकारी भरतीच्या मुलाखतीच्या पॅनेलवर काही वर्षं बसलो आहे. आमच्याकडे आयबीपीएसच्या (बँकांची भरती घेणारी संस्था) पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर भरतीत मुलाखत १०० गुणांची, अंतिम यादीत लेखी आणि मुलाखत ८०ः२० या प्रमाणात. म्हणजे मुलाखत २० टक्केच, पण काठावरच्या उमेदवारांचं नशीब त्या वीसातच ठरायचं.

पॅनेलवरची मंडळी उमेदवाराला सैल करायला त्याच्या गावापासून सुरुवात करतात. हा प्रश्न सोपा म्हणून मुलं त्याची तयारीच करत नाहीत. लातूरच्या एका मुलीला आमच्या अध्यक्षांनी विचारलं, 'तुमच्याकडे रेल्वेने पाणी आलं होतं ना?' तिने सांगितलं, एप्रिल २०१६, मांजरा धरण कोरडं पडलेलं, मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून टँकरची गाडी. पुढे ती म्हणाली, 'सर, आमच्या गल्लीत आठ दिवसांनी पाणी यायचं, मी आणि भाऊ रात्री दोनला घागरी घेऊन उभे राहायचो.' खोलीतली हवाच बदलली. नंतरची पंधरा मिनिटं ती घरच्यासारखी बोलली.

तुलाही किल्लारीचा भूकंप (३० सप्टेंबर १९९३), डाळ मिल, सोयाबीनचा बाजार हे नीट ठाऊक असू दे. मेकॅनिकलचा आहेस, तर लातूरच्या रेल्वे कोच कारखान्यातून डिसेंबर २०२० मध्ये पहिला सांगाडा बाहेर पडला हे तुला माहीत नसेल तर मी म्हणेन की या पोराला आपल्याच धंद्याचं कुतूहल नाही.

मांजराकाठ | मंगळवार, दुपारी १.३०

सगळ्यांचे मनापासून आभार.

अबोलीताई, माझी पाठ केलेली ओळख मराठीत अशी : 'माझं नाव अमुक. मी लातूरहून आलोय. माझे वडील शेतकरी आणि आई गृहिणी आहे. मला एक बहीण आहे. मी प्रामाणिक, कष्टाळू आणि सकारात्मक विचारांचा आहे. माझे छंद क्रिकेट आणि संगीत. मला आपल्या कंपनीसोबत मोठं व्हायचं आहे.'

शॉपफ्लोअर काका, मामांकडे काय, रोजचंच. ट्रॉली, वखर, पेरणी यंत्रं बनतात. मी कटिंगची मापं देतो, वेल्डिंगवर लक्ष ठेवतो, बिलं करतो. मागच्या जूनमध्ये पेरणी यंत्राच्या तक्रारी आल्या होत्या, तेव्हा एक पट्टी बनवून दिली. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

शॉपफ्लोअर२२ | मंगळवार, दुपारी १.४२

कसली तक्रार? कसली पट्टी? सविस्तर लिही.

अबोली_पुणे | मंगळवार, दुपारी २.०५

मांजराकाठ, ही ओळख मी दिवसातून दहादा ऐकते. यातल्या 'कष्टाळू' आणि 'सकारात्मक' या शब्दांतून तू मला दिसत नाहीस. शॉपफ्लोअर दादांनी बरोबर जागी बोट ठेवलंय, त्यांना उत्तर दे.

रानजाई | मंगळवार, दुपारी ३.२०

धाग्याला थोडा फाटा फोडते. माझं वय ४१, मुलासाठी सात वर्षं नोकरी सोडली होती, गेल्या वर्षी पुन्हा मुलाखती सुरू केल्या. आत्मविश्वास म्हणाल तर माझा घराच्या उंबऱ्यापाशीच संपायचा. एका ठिकाणी विचारलं, 'सात वर्षं काहीच केलं नाही?' दुसऱ्या ठिकाणी, 'दुसऱ्या मुलाचा विचार आहे का?' या दुसऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं असतं? मी हसून विषय टाळला आणि घरी येऊन रडले.

नेकारकाठ | मंगळवार, संध्याकाळी ७.४०

रानजाई, वाचून वाईट वाटलं. मी स्टुटगार्टजवळ राहतो. जर्मनीत हा प्रश्न विचारायला परवानगीच नाही, आणि विचारलाच तर गरोदरपणाबद्दल खोटं उत्तर देण्याची मुभा तिथल्या न्यायालयांनी मान्य केली आहे. आपल्याकडेही १९७६ च्या समान वेतन कायद्याने भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला मनाई केली. अर्थात खुर्चीत बसल्यावर कायदा आठवून उपयोग नसतो. माझ्या बायकोने वापरलेलं वाक्य देतो : 'घरची व्यवस्था मी लावली आहे, कामाच्या वेळा मला जमतात. तुम्हाला वेळांबद्दल काही विशेष अपेक्षा असेल तर सांगा.' शांतपणे म्हणायचं आणि थांबायचं. पुढे बोलायची जबाबदारी त्यांची.

अबोली_पुणे | मंगळवार, रात्री ८.१५

नेकारकाठ, हे वाक्य मी जपून ठेवते आहे. रानजाई, आमच्या व्यवसायातली माणसं असं विचारतात याची मला लाज वाटते. सात वर्षांबद्दल माफीच्या सुरात बोलू नका. 'मुलासाठी थांबले, आता तो शाळेत रुळला, गेल्या सहा महिन्यांत हे हे शिकले', तीन वाक्यं पुरेत. चौथं वाक्य आलं की ते स्पष्टीकरण वाटायला लागतं.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री १०.५०

काका, पट्टीचं सांगतो.

आमचं पेरणी यंत्र पाच फणांचं. सोयाबीनला दोन ओळींत ४५ सेंमी अंतर लागतं. तक्रार अशी आली की शेवटची ओळ दोन-तीन सेंमी सरकते, मग कोळपताना त्या ओळीतली रोपं कापली जातात. एक शेतकरी तर उपटलेली रोपं पिशवीत घालून दुकानात घेऊन आला होता. मामा म्हणाले मिस्त्री नीट मोजत नाही. मी दोन दिवस नुसता बघत बसलो. मिस्त्री टेपने पहिला फण लावायचा, त्यापासून ४५ मोजून दुसरा, दुसऱ्यापासून ४५ मोजून तिसरा. दर वेळी अर्धा-पाऊण सेंमी इकडे-तिकडे, आणि ते सगळं साचत शेवटच्या फणावर यायचं. मग मी एक लोखंडी अँगल घेतला, एका टोकापासून ०, ४५, ९०, १३५, १८० वर खाचा पाडल्या. तो अँगल दांड्यावर ठेवायचा आणि खाचेत बसेल तिथेच क्लॅम्प आवळायचा. त्यानंतर तीसेक यंत्रं गेली, अंतराची तक्रार आली नाही. एवढंच.

शॉपफ्लोअर२२ | मंगळवार, रात्री ११.०५

एवढंच?

अरे बाळा, तू चुका साचतात हे ओळखलंस आणि सगळी मापं एकाच टोकापासून घेतलीस. त्या टोकाला आम्ही डेटम म्हणतो. तू बनवलास तो अँगल म्हणजे फिक्श्चर (भाग योग्य जागी बसवणारं साधन) आणि गेज (माप तपासायचं साधन) दोन्ही. माणसाला दोष न देता आधी दोन दिवस प्रक्रिया पाहिलीस, हे शिकवायला मला नव्या पोरांवर वर्ष घालवावं लागतं. मंगळवारी हे सांगितलं नाहीस तर मला वाईट वाटेल.

सोलापुरी_काका | बुधवार, सकाळी ७.३०

ती रोपांची पिशवी सांगायला विसरू नकोस.

गडहिंग्लजकर | बुधवार, सकाळी ८.१२

काकांना +१. आमच्या कागलच्या एमआयडीसीत असतास तर आत्ताच उचलला असता तुला.

अबोली_पुणे | बुधवार, सकाळी १०.४०

आता ओळख अशी कर, दीड मिनिटात बसेल : नाव, शिक्षण एका वाक्यात. मग 'वर्षभर मामांच्या दुकानात शेतीची अवजारं बनवतो', मग पट्टीची गोष्ट चार वाक्यांत, मग 'म्हणून मला क्वालिटीत यायचंय'. बस. वडील शेतकरी आहेत हे पट्टीच्या गोष्टीत आपोआप कळतं, वेगळं सांगायला नको.

टोकदार | बुधवार, सकाळी ११.२०

वडिलांबद्दल सांगू द्या की. मी सांगायचो आणि मला त्याचा आधार वाटायचा. वडिलांचं नाव घेतलं की पाय जमिनीला टेकल्यासारखे वाटायचे. बाकी पट्टीची गोष्ट वाचून माझं परवाचं मत जरा बदललं. तरी एक करा : ती गोष्ट इंग्रजीतही लिहून काढा, लहान लहान वाक्यांत, आणि रोज चारदा मोठ्याने बोला. जे हाताने केलंय त्याचं इंग्रजी लवकर बसतं.

अबोली_पुणे | बुधवार, सकाळी ११.३१

आधार वाटत असेल तर जरूर सांगावं. माझा नियम मागे घेते.

कुरुळीफाटा | बुधवार, रात्री ९.००

मी चाकणलाच लाइन इन्स्पेक्टर आहे. कामाचं सांगतो. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने येऊन सकाळी थेट मुलाखतीला जाऊ नको. माझं तसंच झालं होतं. रात्रभर जागा, स्टँडवर तोंड धुतलं, पोटात काही नाही, आणि तळेगाव चौकात शिफ्टच्या गर्दीत पाऊण तास अडकलो. आत जाईपर्यंत हात थरथरत होते, ते भीतीने की भुकेने हे मलाच कळेना. आदल्या दिवशी ये. आमच्या रूमवर चौघं आहोत, पाचवा मावतो. मेस खालीच आहे. इथे निरोप पाठव, नंबर देतो.

अजून एक. गेटवर सेक्युरिटीला आधार कार्ड लागतं. सेफ्टी शूज असतील तर घालून ये, लाइनवर फिरवलं तर बरं पडतं. नोकरी लावतो म्हणून कुणी कन्सल्टन्सीवाला पैसे मागत असेल तर एक रुपया देऊ नको. माझे आठ हजार गेलेत.

रानजाई | बुधवार, रात्री ९.२५

कुरुळीफाटा, किती चांगले आहात तुम्ही.

मांजराकाठ | गुरुवार, दुपारी १२.१०

दादा, निरोप पाठवलाय. काय बोलावं कळत नाही. सोमवारी संध्याकाळी येतो.

एक शंका : पगाराची अपेक्षा विचारली तर?

शॉपफ्लोअर२२ | गुरुवार, दुपारी १२.४५

ट्रेनीचा आकडा बहुधा ठरलेला असतो. 'कंपनीच्या ट्रेनीसाठी जे ठरलेलं आहे ते मान्य' म्हण, पण हातात किती येतात हे विचारायला लाजू नकोस. सीटीसीच्या, म्हणजे कंपनीच्या तुझ्यावरच्या एकूण खर्चाच्या, आकड्यात कंपनीचाही पीएफ धरलेला असतो, तुझ्या मूळ पगाराच्या १२ टक्के वेगळे कापले जातात. बस आणि कॅन्टीन आहे का, तेही विचार. चाकणला ती दोन्ही असली की महिन्याला मोठा फरक पडतो.

नेकारकाठ | शनिवार, दुपारी ४.३०

मला कामाला आलेली एक गोष्ट. पहिल्या जर्मन मुलाखतीच्या आधी मित्राला समोर बसवून सहा वेळा सराव केला. त्याला सांगितलं होतं, मध्येच अडव, चुकीचं आहे म्हण, फोनकडे बघ. खऱ्या मुलाखतीत एक बाई खरंच मध्ये खिडकी लावायला उठल्या. मी बोलत राहिलो. मामांनाच बसव समोर.

मांजराकाठ | रविवार, रात्री ९.१५

मामांना बसवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'उधारी का वसूल होत नाही?' हसून हसून पुरे झालं, पण नंतर दोन तास नीट बसले. पट्टीची गोष्ट ऐकून म्हणाले, 'हे तू मला कधी असं सांगितलं नव्हतंस.' इतके दिवस त्यांना वाटत होतं की मिस्त्री सुधारला.

मांजराकाठ | मंगळवार, रात्री ८.२०

दिली.

आत तिघं होते. दार उघडतानाच घसा कोरडा पडला, नेहमीसारखाच. मी आधी पाणी मागितलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. ओळख इंग्रजीत सुरू केली, पट्टीपाशी आल्यावर एका शब्दाला अडकलो. विचारलं, 'सर, हे मराठीत सांगू का?' मधले साहेब म्हणाले, सांगा. मग कागद मागून घेतला, दांडा काढला, पाच फण काढले, कुठे कुठे चूक साचत होती ते दाखवलं. रोपांची पिशवीही सांगितली. डावीकडचे साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. त्यांनी विचारलं, खाचा झिजल्या तर? हे मी कधी मनात आणलं नव्हतं. तसं सांगितलं. मग तिथल्या तिथे सुचलं ते बोललो, की दर हंगामाआधी अँगल पक्क्या टेपला लावून तपासता येईल. ते म्हणाले, याला कॅलिब्रेशन म्हणतात.

मग सीपीके विचारलं, म्हणजे मापं ठरलेल्या मर्यादेत किती नीट राहतात ते दाखवणारा आकडा. मी म्हणालो, सूत्र येतं, १.३३ च्या वर असावं हे वाचलंय, पण खऱ्या पार्टवर कधी काढलेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. शेवटी एक मायक्रोमीटर दिला. आधी पुसला, मिटवून शून्य बघितलं. शून्य जुळत नव्हतं! ०.०१ चा फरक होता. मी सांगितल्यावर मधले साहेब दुसऱ्यांकडे बघून हसले. मुद्दाम ठेवला होता की काय, कुणास ठाऊक.

घाबरलो होतो शेवटपर्यंत. पण या वेळी बोललो. आठवड्यात कळवतो म्हणालेत.

शॉपफ्लोअर२२ | मंगळवार, रात्री ८.३१

मुद्दामच ठेवला असणार. मीही ठेवतो. शाब्बास.

कुरुळीफाटा | मंगळवार, रात्री ८.५०

बाजूलाच बसून टाइप करतोय हा. आज मेसला सुट्टी, पार्टी माझ्याकडून.

रानजाई | मंगळवार, रात्री ९.३०

खूप आनंद झाला. माझी गुरुवारी आहे. तीन वाक्यं तयार आहेत.

मांजराकाठ | पुढचा बुधवार, सकाळी १०.०५

आठ दिवस झाले, फोन नाही. विचारणा करू की वाट बघू? मागे लागल्यासारखं वाटेल का?

अबोली_पुणे | पुढचा बुधवार, सकाळी १०.२०

अजिबात नाही, कर. फोन नको, मेल टाक. मुलाखतीची तारीख, पद, 'निर्णयाबद्दल कळवाल का' आणि मोबाइल नंबर. चार ओळी. बाकी काही लिहू नकोस. बुधवारी सकाळी मेल वाचायला आमच्याकडे वेळ असतो.

रानजाई, तुमचं काय झालं?

मांजराकाठ | पुढचा बुधवार, सकाळी १०.५२

टाकला मेल. दुकानात आलोय, दोन पेरणी यंत्रं आज द्यायची आहेत. अँगल टेपला लावून बघितला, तिसरी खाच थोडी झिजली होती. नवीन पाडतोय.